ऑक्टोबरची रजा

जर्मनीतल्या ब्रोकहोर्स्ट गावच्या नेमबाज मंडळानं नवं सभागृह बांधायला घेतलं तेव्हा भिंती वर यायच्या आधीच नाव ठरलं होतं. नाव होतं अल्फोन्स आवेरबेक. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी गावातल्या सगळ्या बंदुका जमा करून घेतल्या, तेव्हा याच अल्फोन्सनं मंडळ तीरकमठ्यावर चालवलं होतं. खांबावरचा लाकडी पक्षी तीरानं पाडायचा, पाडणाऱ्याला वर्षभराचा राजा करायचं आणि बिअर प्यायची. परंपरेत खंड म्हणून पडू दिला नाही. पुढं एकवीस वर्षं तो अध्यक्ष होता. वारला तेव्हा बँडनं इतकं मनापासून वाजवलं की शववाहिनीचे घोडे बुजले.

अडचण निघाली ती जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातून. तिथं एक नवी बातमीदार आली होती, बाहेरगावची. सभागृहाच्या बातमीखाली तिनं शेवटी एकच ओळ घातली: ‘श्री. आवेरबेक युद्धकाळात नेमके कुठं होते, याची माहिती मंडळाकडून मिळू शकली नाही.’

"मिळू शकली नाही म्हणजे काय? विचारलंच कुठं तिनं!" अध्यक्ष लुडगर थीमान समितीच्या बैठकीत म्हणाला.

"विचारलं होतं," खजिनदार राइनहोल्ड क्यूपरनं आठवण करून दिली. "तू ‘रशियात’ म्हणालास आणि फोन आपटलास."

"मग खोटं काय? सगळेच रशियात होते."

"तुझा बाप नॉर्वेत होता."

"ते सोड. तेव्हापासून त्यानं मासा खाल्ला नाही, एवढं भोगलंय त्यानं."

शेवटी ठरलं की फाइल करायची. ब्रोकहोर्स्टमध्ये एखाद्या गोष्टीची फाइल झाली की ती गोष्ट संपली असं समजतात. आणि फाइल करणार कोण, यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी माना वळवल्या त्या मेख्टिल्ड आवेरबेककडे. अल्फोन्सची ती एकुलती मुलगी. वय सत्तर, लग्न केलेलं नाही, गावच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त. समितीतल्या पाचांपैकी चौघांना तिनंच वजाबाकी शिकवली होती. पाचवा राइनहोल्ड, तो शेजारच्या गावचा होता, त्याला येत होती. म्हणून तो खजिनदार.

"बाई, तुम्हीच करा," लुडगर म्हणाला. चोपन्न वर्षांचा, कौलारू छपरांचा ठेकेदार. पण बाईंशी बोलताना त्याचे हात अजूनही आपोआप टेबलावर येत. "कागदं तुमच्याच घरात आहेत. बर्लिनच्या त्या दफ्तराला एक पत्र टाका, उत्तर आलं की लावून टाका. आणि खरं सांगू का, सगळ्यात मोठा पुरावा तर इथं खुर्चीवर बसलाय!"

सगळे हसले. मेख्टिल्डही हसली. हा विनोद तिच्याच वयाचा होता आणि तिच्याइतकाच तब्येतीनं टिकून होता.

विनोद असा: मेख्टिल्डचा जन्म त्रेचाळीसच्या जुलैचा. त्याआधीच्या ऑक्टोबरात अल्फोन्स पूर्व आघाडीवरून रजेवर घरी आला होता. आला तो थेट बटाट्याच्या शेतात उतरला, असं तो सांगे. पाऊस कसा लागून राहिला होता, काळ्या गाईनं पाय कसा मोडून घेतला, बटाटे एवढे निघाले की शेवटी बाळाच्या पाळण्यात भरून ठेवले. "आणि पाळणा बाहेर काढलाच आहे," असं म्हणून तो डोळे मिचकावी, "तर म्हटलं, उगाच रिकामा का ठेवा!" दर वाढदिवसाला ही गोष्ट होई. लहानपणी मेख्टिल्डला वाटायचं की आपण बटाट्यांबरोबर निघालो.

विनोदाला एक दुसरी बाजू होती, ती कुणी हसून सांगत नसे. त्याच ऑक्टोबरात अल्फोन्सची सैन्यातली कंपनी बेलारूसच्या दलदलीतल्या लुबनिच नावाच्या गावी होती. कंपनीनं गावाभोवती कडं केलं होतं. कड्याच्या आतल्या ज्यूंना, पोराबाळांसकट, रेतीच्या खाणीपाशी नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. पासष्ट साली सरकारी वकिलाकडून चौकशी आली तेव्हा ब्रोकहोर्स्टला पहिल्यांदा लुबनिच हे नाव कळलं आणि त्याच आठवड्यात पुन्हा विसरलं. कारण अल्फोन्स रजेवर होता. त्याच्या सैनिकी पगारपुस्तकात रजेच्या पानावर तारखा होत्या. सहा शेजाऱ्यांनी सेहेचाळीस सालीच लिहून दिलं होतं की हा माणूस त्या वेळी आमच्या डोळ्यांदेखत बटाटे काढत होता. पहिली सही बेर्नार्ड टेनब्रिंकची.

बेर्नार्ड हा आवेरबेकांचा पहिला शेजारी. पहिला शेजारी म्हणजे नुसता भिंतीपलीकडचा नव्हे. घरात मूल झालं की गावाला त्यानं सांगायचं, माणूस गेलं की पेटीचं पुढचं टोक त्यानं धरायचं, धनी घरी नसेल तर शेताकडं त्यानं बघायचं. नाही म्हणायची सोय नाही. बेर्नार्ड पायानं अधू, म्हणून सैन्यानं घेतलं नव्हतं. दूध डेअरीत कारकून होता आणि अक्षर असं की लोक त्याच्याकडून मृत्यूच्या बातम्यासुद्धा हौसेनं लिहून घेत. तो जाऊनही आता तीस वर्षं उलटली होती.

तेव्हा मेख्टिल्डनं बर्लिनला पत्र टाकलं आणि चौदा महिने वाट पाहिली. एवढ्यात सभागृहाला छप्पर चढलं, एकदा गळलं आणि लुडगरनं ते स्वखर्चानं दुरुस्त केलं. मग उत्तर आलं. अल्फोन्स आवेरबेक, अमुक कंपनी, तमुक तारखेपासून. बाकीची कागदपत्रं पंचेचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात जळाली असल्यानं रजांबद्दल काही सांगता येत नाही, कळावे.

लुडगर खूष झाला. "म्हणजे काही सापडलं नाही!"

"काही शिल्लक नाही, असं म्हणतायत," मेख्टिल्ड म्हणाली.

"तेच ते, बाई. सुंठीवाचून खोकला गेला. आता रजेच्या पानाची एक छानशी मोठी प्रत काढू, फाइलला लावू, आणि पुस्तक काचेच्या कपाटात ठेवू. शेजारी माझ्या वडलांचंही ठेवू म्हणतो. जोडीला शोभेल."

म्हणून एका शनिवारी सकाळी दोघं मंडळाच्या कचेरीत प्रती काढायच्या यंत्रापाशी उभे होते. दोन मळकट पुस्तकं, खिशात मावतील एवढी, जुन्या फडक्यासारखी मऊ पडलेली. दोन्हींना भोकं होती. त्यात नवल काही नव्हतं. ब्रोकहोर्स्टमधल्या सगळ्याच पगारपुस्तकांना भोकं होती. अधिकाऱ्याचा प्रत्येक शिक्का म्हणजे एक गोल, गोलाच्या मधे गरुड, गरुडाच्या पंजात ते चिन्ह. राज्य बदलल्यावर ते चिन्ह घरात नको म्हणून गावानं ते कापून काढलं. फक्त तेवढंच, वाटाण्याएवढं. बाकीचा गरुड ठेवला. गरुडानं काय कुणाचं घोडं मारलं होतं! हे काम अल्फोन्सच्या बायकोनं, क्लेमेंटीननं केलं होतं, आख्ख्या आळीचं, कशिद्याच्या कात्रीनं. एकजात सारखी, शिवणाच्या टाक्यासारखी रेखीव भोकं. त्या वेळच्या पाद्रीबुवांनी प्रवचनात त्याचा ‘आत्म्याची स्वच्छता’ असा उल्लेख केल्याचं जुनी माणसं सांगत.

"हे बघा," लुडगर कौतुकानं म्हणाला, "कसं कापलंय! भोवतालचं कडं जसंच्या तसं. आकडासुद्धा वाचता येतो." त्यानं बापाचं पुस्तक यंत्रावर पालथं घातलं. दुप्पट मोठी प्रत बाहेर आली: मधे काळं भोक, भोवती गरुडाचे पंख, त्याच्याभोवती शिक्क्याचं गोल कडं.

मग मेख्टिल्डनं बाबांचं पान ठेवलं. चार रजा, चार भोकं. पहिल्या भोकाभोवती कडं. दुसऱ्या भोकाभोवती पंख, कडं. चौथ्याभोवती कडं, जरा फिकट.

तिसऱ्याभोवती काही नव्हतं.

तिनं कागद उजेडाकडं नेला. तारखा होत्या: चार ते पंचवीस ऑक्टोबर बेचाळीस, गाव ब्रोकहोर्स्ट, सुंदर अक्षरात. भोक होतं, बाकीच्यांच्याच मापाचं. पण त्याच्याभोवती पंख नव्हते, कडं नव्हतं, शाईचा ठिपका नव्हता. स्वच्छ कागदाला पाडलेलं स्वच्छ भोक.

"शाई उडाली असेल," लुडगर म्हणाला. कागदाकडं न बघताच म्हणाला, म्हणजे त्यालाही दिसलं होतं.

"चारांतल्या एकाचीच?"

"बाई, मला वजाबाकीत कधी गती नव्हती." त्यानं यंत्र बंद केलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. बातमीदार काही भिंग घेऊन येत नाही. गुरुवारी समिती आहे, तुम्ही फक्त ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही’ एवढी ओळ द्या. तुम्ही दिलीत की झालं."

तो पुस्तकं तिथंच टाकून छपराकडं बघायला निघून गेला. छप्पर आता गळत नव्हतं.

मेख्टिल्डनं वजाबाकी केली. तीच तर अडचण होती. तिला येत होती. रजा नसेल तर बाबा लुबनिचला. आणि बाबा लुबनिचला असतील तर जुलैत जन्मलेली ती कुणाची? दोन्ही गोष्टी एकाच भोकातून निसटत होत्या. भोक खरं धरलं तर तिला बाप होता आणि बाप निर्दोष होता. खोटं धरलं तर तिला बाप नव्हता, आणि जो नव्हता तो...

ती सायकल काढून घरी निघाली. वाटेत रेती काढून झालेला तलाव लागतो. उन्हाळ्यात अर्धं गाव तिथं पोहतं. तिला पोहायला बाबांनीच शिकवलं, पण या तलावात नाही; त्यासाठी ते तिला लांब कालव्यावर नेत. मैत्रिणींबरोबर ती इथं यायला लागली तेव्हा ते न्यायला येत, पण गाडी रस्त्यावरच उभी करत, तोंड पलीकडं करून. "रेती डोळ्यांत जाते," म्हणत. पन्नास वर्षं तिनं ते वाक्य नाजूक डोळ्यांच्या खात्यावर मांडलं होतं.

रविवारी तीन वाजता ती आईकडं गेली. क्लेमेंटीन आवेरबेक त्र्याण्णव वर्षांची, जोगिणींच्या वृद्धाश्रमात राहत होती. डोकं लख्ख होतं, फक्त सोयीनुसार. जोगिणींनी वयाच्या नावाखाली तिची कात्री काढून घेतली होती, तेव्हापासून ती सूड म्हणून आश्रमाचे सगळे हातरुमाल घड्या घालून द्यायची, इतक्या नीट की बाकीच्या म्हाताऱ्यांना ते वापरायची भीती वाटे.

"लोण्याचा केक आणलायस का?" आई म्हणाली. "इथला केक म्हणजे फरशी पुसायचा स्पंज."

"आणलाय. आई, बाबांच्या पुस्तकातली भोकं तूच पाडलीस ना?"

"आख्ख्या आळीची मीच पाडली. हात दुखायचे. थीमानणीनं त्याबद्दल दोन अंडी दिली, एक नासकं."

"आणि ऑक्टोबरचं?"

क्लेमेंटीननं एका रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"त्याचं काय?"

"त्या भोकाभोवती शिक्का नाही."

"कुणी बघितलं?" आई म्हणाली.

मेख्टिल्डनं अडतीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. खडू कुणी मोडला, असं विचारल्यावर ज्यानं मोडलेला नसतो तो ‘मी नाही’ म्हणतो. ज्यानं मोडलेला असतो तो विचारतो, कुणी बघितलं.

"मी बघितलं," ती म्हणाली.

"मग काही नाही. तू घरचीच."

"आई!"

"ओरडू नकोस, सिस्टर येईल. मी त्याला सांगितलं होतं गं, हे एक जरा मोठं कापू. कडं धरून सगळा शिक्काच गेला असं दिसेल. तर बेर्नार्ड म्हणाला, छे छे, सगळी एका मापाची हवीत, नाहीतर टापटीप दिसत नाही. त्याला टापटिपीचं फार वेड. बाकी कशाचं डोकं नाही."

"तारखा त्यानं लिहिल्या?"

"अक्षर बघितलं नाहीस का? माझं आहे तसं? शिक्का कुठून आणणार होतो आम्ही? पण भोक आणता येतं. आणि एकट्याच्याच पुस्तकाला भोकं असती तर कुणी विचारलं असतं. म्हणून आधी सगळ्यांची कापून दिली."

मेख्टिल्डला पाद्रीबुवांची आत्म्याची स्वच्छता आठवली. तिनं केकचा तुकडा कापला. मग आणखी एक कापला. दोन्ही कुणी खाल्ले नाहीत.

"त्या ऑक्टोबरात बटाटे कुणी काढले, आई?"

"पहिल्या शेजाऱ्यानं. त्याचं कामच ते." म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. "पाऊस होता. काळ्या गाईनं खरंच पाय मोडून घेतला. पाळणा खरंच भरला. तुझ्या बापानं नंतर मला सगळं विचारून घेतलं, गाईचा कुठला पाय, हेसुद्धा. पाठ केलं."

"कुठला बाप?" मेख्टिल्ड म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"ज्यानं तुला सायकल शिकवली तो," आई म्हणाली. "दुसऱ्यानं शिकवली असती, पण त्याचा पाय धड नव्हता."

बाहेर कुणीतरी चाकाच्या खुर्चीवरून कुणाला तरी फिरवत होतं. आई आपणहून बोलायला लागली, रुमालांशी बोलावं तसं.

"सेहेचाळीसला आला. घरात तीन वर्षांची पोर. मी चुलीपाशी उभी, म्हटलं, आता मारणार. त्यानं तुझ्याकडं बघितलं, बोटं मोजली. मग टेबलाशी बसला आणि म्हणाला, क्लेमेंटीन, बेचाळीसचा ऑक्टोबर मला लागतोय. तुझ्याकडं आहे का? मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याला ऑक्टोबर हवा होता, मला पोरीला बाप हवा होता. एका ओळीत दोघांचं भागलं."

"त्यानं तिथं काय केलं, विचारलंस?"

"नाही."

"कधीच?"

"त्यानं बटाट्यांचं विचारलं नाही. मी लुबनिचचं विचारलं नाही. सदतीस वर्षं संसार केला, एकदा भांडण नाही. हल्लीच्या लोकांना जमेल का?"

"आणि मी? मी कोण होते त्यात?"

क्लेमेंटीननं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "तू शिक्का," ती म्हणाली. "कागदावर नव्हता ना. तू होतीस." आणि पुढचा रुमाल उचलत म्हणाली, "माया नव्हती असं नाही हो. पुढं लागली त्याला. लागतेच."

मेख्टिल्ड उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा आईनं मागून हाक मारली.

"गुरुवारी काय सांगणार आहेस?"

"माहीत नाही."

"माझं नाव गावात काढायचं असेल तर काढ. माझं काय जातंय आता. कात्रीसुद्धा नाही माझ्याकडं. पण मग केक आधी आणत जा. नंतर तुझ्या हातचा गोड लागणार नाही."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना मेख्टिल्डला निळा पोशाख आठवला. पासष्ट साली ती बावीस वर्षांची होती, नोकरी नवी. बाबा म्हणाले, शहरात काम आहे, चल, फिरून येऊ. तो निळा घाल, छान दिसतेस. सरकारी वकिलाच्या कचेरीत एक सडपातळ अधिकारी होता. त्यानं पगारपुस्तक उघडलं, बंद केलं. मग तिच्याकडं बघितलं, तिच्या जन्माच्या दाखल्याकडं बघितलं आणि हसला. "मुलगी वडलांवर गेलीय," तो म्हणाला. ती लाजली होती. परतताना बाबांनी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं, तीन गोळे, आणि स्वतः काही न घेता तिच्याकडं बघत बसले. आपल्यावर किती जीव यांचा, असं तिला वाटलं होतं. वाटलं होतं ते खोटं, असंही आता म्हणता येईना. लुबनिचच्या पोरांकडं बघणारे डोळे आणि आइस्क्रीम खाणाऱ्या पोरीकडं बघणारे डोळे तेच होते, आणि यात तिला कुठं भोक पाडून एक बाजूला काढता येत नव्हतं.

गुरुवारी समिती बसली. पाच जण, एक ताट भरून सॉसेज, फळीवर बिअरचे पेले. लुडगरनं इतिवृत्ताची वही उघडून वर लिहूनही ठेवलं होतं: ‘विषय एक, फाइल मंजूर.’

मेख्टिल्डनं दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या आणि आईनं सांगितलं ते सगळं सांगितलं. आवाज वर्गातला होता. मागच्या बाकालाही ऐकू जाणारा.

मग राइनहोल्ड म्हणाला, "बेर्नार्ड टेनब्रिंक?"

"दूध डेअरीतला?" दुसरा म्हणाला.

"तो लंगडा?"

"मी त्याच्या पेटीला खांदा दिलाय!" लुडगर म्हणाला.

"आवेरबेकबाईंच्या घरात म्हणजे... आणि पाद्रीबुवांना माहीत होतं?"

"बटाटे काढता काढता! अरे, केवढा चिखल असतो."

असं बराच वेळ चाललं. टेनब्रिंकच्या नाकाची आठवण निघाली, बाईंच्या नाकाकडं चोरून बघून झालं. रेतीच्या खाणीचं नाव कुणी काढलं नाही. त्या संध्याकाळी ब्रोकहोर्स्टला जबर धक्का बसला होता, पण तो बटाट्यांचा होता.

"लुबनिच," मेख्टिल्ड म्हणाली.

"हो, तेही वाईटच," लुडगर घाईनं म्हणाला. "फार वाईट. सभागृहाला आता ते नाव देता येणार नाही, हे उघड आहे. नुसतं ‘सभागृह’ म्हणू. कारण सांगायची गरज नाही. वहीत लिहू, ‘नावाचा विषय पुढे ढकलण्यात आला.’" मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. शाळेत असताना कुणी रडलं की हाच मुलगा आपला डबा पुढं करायचा. "आणि बाई, एका दृष्टीनं बरंच झालं की. तुम्हाला कशाला त्रास करून घ्यायचा? तो तुमचा कोण? रक्तानं कुणीच नाही. तुम्ही सुटलात. उद्या त्या पोरीनं पेपरात काही छापलं तरी तुम्ही म्हणू शकता, माझा काय संबंध."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मनापासून. त्यांच्या बाईंना पळवाट काढून दिल्याचा आनंद चौघांच्या तोंडावर दिसत होता, आणि राइनहोल्डनं तर तिच्यासाठी एक पेला भरून पुढं सरकवला.

मेख्टिल्डनं पेल्याकडं बघितलं. सुटण्याचा विचार तिनंही केला होता; तीन दिवस दुसरं काही केलंच नव्हतं. बेर्नार्डचा पाय घ्यावा, टापटीप घ्यावी आणि अल्फोन्स त्याच्या खाणीपाशी सोडून द्यावा. फार सोपं होतं. आईनं केलं तेच: वाटाण्याएवढं कापायचं, बाकीचा गरुड ठेवायचा.

"लुडगर, पेन उचल," ती म्हणाली.

"हं?"

"श्रुतलेखन."

आणि चोपन्न वर्षांच्या ठेकेदारानं पेन उचललं. डोकं विचार करत होतं की हे थांबवावं, पण हाताला ते कळवायला वेळच मिळाला नाही. हात वहीवर जाऊन तयार बसला होता.

"अल्फोन्स आवेरबेक," ती सावकाश म्हणाली, "ऑक्टोबर एकोणीसशे बेचाळीस मध्ये, रजेवर नव्हता. पूर्णविराम."

"बाई, हे इतिवृत्त आहे, हे जिल्ह्याला जातं..."

"बोलू नकोस, लिही. तो आपल्या कंपनीबरोबर लुबनिचला होता. पूर्णविराम. रजेची नोंद, त्याच्या पत्नीनं आणि पहिल्या शेजाऱ्यानं, मागाहून केली. स्वल्पविराम दिलास का? हे ब्रोकहोर्स्टमध्ये कुणाकुणाला माहीत होतं, ते नोंदलेलं नाही. पूर्णविराम."

पेनाचा आवाज ऐकू येत होता. राइनहोल्डनं सॉसेजचा चावा घेतला होता, तो चावायचा राहिला.

"ही माहिती," ती म्हणाली, "समितीला दिली ती..." आणि इथं ती थांबली.

लुडगरनं मान वर केली. "कुणी लिहू, बाई? नुसतं मेख्टिल्ड आवेरबेक लिहू? का... तुमचं काय लिहू?"

कुणाची नजर नाकाकडं, कुणाची टेबलाकडं.

"त्याच्या मुलीनं," मेख्टिल्ड म्हणाली.

लुडगर लिहायला लागला, अडखळला, त्यानं काहीतरी खोडायला पेन वळवलं.

"खोडू नकोस," ती म्हणाली. "आहे तसं राहू दे. आणि खाली सहीला जागा सोड."